सूची कोणाच्या हाती?

"सर, त्यावर कुणी काही लिहिलेलंच नाही."

दुसऱ्या वर्षाच्या वर्गातील एका विद्यार्थिनीने मला हे सांगितले तेव्हा तिच्या आवाजात तक्रार नव्हती. सिद्ध झालेली गोष्ट सांगावी तसे ती सांगत होती. प्रकल्पासाठी तिने विषय घेतला होता तो नामांतर आंदोलनाचा. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव जुलै १९७८ मध्ये विधिमंडळात झाला, आणि त्यानंतर मराठवाड्यातील वस्त्यांवर जे गुदरले त्यात तिच्या तालुक्यात काय घडले हे तिला शोधायचे होते. तिचे आजोबा त्याच दिवसांत गाव सोडून शहरात आले. घरात त्याविषयी अर्धे बोलले जाई, अर्धे गिळले जाई. म्हणून तिने फोनवर शोधले. मराठीत शोधले, इंग्रजीत शोधले. नाव बदलल्याची १९९४ सालची तारीख मिळाली, स्पर्धा परीक्षेच्या क्लासवाल्यांची टिपणे मिळाली, एकमेकांवरून उतरवलेले पाच-सहा परिच्छेद मिळाले. तिच्या तालुक्याचे नाव कोठेच नव्हते.

माझ्या कपाटात त्या काळातील नियतकालिकांचे पिवळे पडलेले अंक आहेत. पत्रके आहेत, सायक्लोस्टाइल केलेले अहवाल आहेत. लिहिले गेले होते. पोटाला चिमटा काढून, वर्गण्या गोळा करून लिहिले आणि छापले गेले होते. तरीही या मुलीच्या लेखी ते घडलेच नव्हते, कारण तिच्या हातातील यंत्राने तिला तसे सांगितले होते. "सापडले नाही" याचे "नाहीच" व्हायला एका बोटाच्या हालचालीएवढाच वेळ लागतो. मला त्या दिवशी झोप आली नाही. या लेखाचा उगम तेथे आहे.

मी संगणकशास्त्राचा माणूस नाही. कॉलेजात मराठी शिकवतो. पण हे यंत्र कसे चालते आणि त्याची किल्ली कोणाच्या कमरेला आहे हे समजून घेण्यासाठी गेली दोन वर्षे मी धडपडलो, आमच्या संगणक विभागातील एका विद्यार्थ्याला वेठीस धरले. जे कळले ते कार्यकर्त्यांपुढे आणि शिक्षकमित्रांपुढे ठेवावे एवढाच हेतू आहे.

समजले ते आधी एका जुन्या अनुभवातून. आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिला. आईवडील ऊसतोडीला जात. कॉलेजात गेलो तेव्हा ग्रंथालयात आत जाण्याची मुभा विद्यार्थ्यांना नव्हती. खिडकीत चिठ्ठी द्यायची, आतून पुस्तक यायचे किंवा "नाही" असा आवाज यायचा. एका पुस्तकासाठी मी तीन वेळा चिठ्ठी दिली आणि तीन वेळा "नाही" ऐकले. शेवटी आमच्याच वस्तीकडचा एक शिपाई होता, त्याने दुपारच्या सुटीत मला आत नेले आणि लाकडी खणांपुढे उभे केले. "ह्यात बघ. हितं नाव आसंल तर पुस्तक हाय." खणात कार्डे होती, लेखकाच्या नावाने एक, विषयाच्या नावाने एक. मला हवे ते पुस्तक तेथे होते, कपाटाच्या क्रमांकासह. खिडकीतला माणूस खोटे बोलत होता की नुसता आळशी होता हे मला आजही ठाऊक नाही. पण त्या दुपारी मला त्या पुस्तकापेक्षा तो खण मोठा वाटला. पुस्तक एकाला मिळते. खण ज्याच्या हाती आहे तो सगळ्यांना हो किंवा नाही म्हणू शकतो.

शोधयंत्राचा गाभा हाच खण आहे. आपण शब्द टाकतो आणि यंत्र त्या क्षणी जगभर धावत जाऊन शोध घेऊन येते, अशी बहुतेकांची समजूत असते. तसे काही होत नाही. यंत्र आधी तयार करून ठेवलेल्या सूचीत पाहते. ही सूची तयार करण्यासाठी क्रॉलर नावाचा प्रोग्रॅम एका पानावरून दुव्याला धरून दुसऱ्या पानावर, तेथून तिसऱ्यावर असा अहोरात्र रांगत राहतो. प्रत्येक पानावरील शब्द सुटे केले जातात आणि प्रत्येक शब्दापुढे तो कोणकोणत्या पानांवर आला त्यांचे पत्ते लिहिले जातात. ग्रंथाच्या शेवटी शब्दसूची असते ना, तशीच ही, फक्त अब्जावधी पानांची मिळून एक. मग प्रश्न येतो क्रमाचा. एका शब्दापुढे लाखो पत्ते असतील तर वर कोणता आणि खाली कोणता? सूचीत काय घ्यायचे आणि कोणाला पहिल्या ओळीत बसवायचे, या दोन निर्णयांत सगळी सत्ता आहे. ज्ञान सर्वांना खुले आहे, इंटरनेटवर सगळे समान आहेत असे जे आपण सहज बोलतो ते या दोन निर्णयांकडे पाठ करून बोलतो.

१९९८ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोन संशोधक विद्यार्थ्यांनी गूगलची रचना सांगणारा निबंध प्रसिद्ध केला. क्रम लावण्याची त्यांची कल्पना अशी की ज्या पानाकडे इतर पाने बोट दाखवतात ते महत्त्वाचे, आणि बोट दाखवणारे पान स्वतः महत्त्वाचे असेल तर त्याच्या बोटाचे वजन अधिक. गणित म्हणून ही कल्पना देखणी आहे. परंतु गावकुसाबाहेरून पाहणाऱ्याला तिच्यात ओळखीचे काहीतरी दिसते. प्रतिष्ठितांनी ज्याची ओळख करून दिली तो प्रतिष्ठित. याला कोणी घाईने जातिव्यवस्था म्हणेल तर ते चूक होईल, कारण येथे जन्माने कोणाची पायरी कायमची ठरत नाही. आज तर क्रम लावताना आणखी कितीतरी निकष वापरले जातात. पण जो आधीच दिसतो तो अधिक दिसू लागतो, आणि ज्याच्याकडे कोणी बोट दाखवले नाही तो अंधारातच राहतो, एवढे खरे. आमच्या लिटल मॅगझिनकडे कोणत्या मोठ्या दैनिकाने कधी बोट दाखवले होते? 'मूकनायक' १९२० साली निघाले तेव्हा पैसे देऊ करूनही 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नाही, हे आपण जाणतोच.

जाहिरातीचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. त्याच निबंधाच्या परिशिष्टात या दोघांनी लिहून ठेवले होते की जाहिरातीवर जगणारे शोधयंत्र स्वभावतःच जाहिरातदारांकडे झुकेल आणि शोधणाऱ्याच्या गरजेपासून दूर जाईल. दोनच वर्षांनी, २००० मध्ये, त्यांच्या कंपनीने जाहिराती विकण्याची व्यवस्था सुरू केली. ऑगस्ट २०२४ मध्ये वॉशिंग्टनच्या संघीय न्यायालयात न्यायाधीश अमित मेहता यांनी निकाल दिला की या कंपनीने शोधाच्या क्षेत्रातील आपली मक्तेदारी बेकायदा मार्गाने टिकवली. अमेरिकेतील दर शंभर शोधांपैकी सुमारे नव्वद तिच्याकडे होते. फोन आणि ब्राउझर बनवणाऱ्यांनी आपलेच शोधयंत्र आधीपासून बसवून द्यावे यासाठी तिने एकट्या २०२१ साली २६ अब्ज ३० कोटी डॉलर मोजले होते. आपल्या येथेही स्पर्धा आयोगाने २०१८ साली शोधनिकालांत स्वतःच्या सेवेला झुकते माप दिल्याबद्दल तिला १३५.८६ कोटी रुपये दंड ठोठावला. दंडाचा आकडा वाचून कोणी हुरळून जाऊ नये. वरच्या आकड्याशेजारी तो ठेवून पाहावा.

या सत्तेचा घाव कसा बसतो ते साफिया उमोजा नोबल या कृष्णवर्णीय अमेरिकन प्राध्यापिकेने दाखवले. 'अल्गोरिदम्स ऑफ ऑप्रेशन' हे त्यांचे पुस्तक २०१८ चे. लहान मुलींचे मन रमेल असे काही मिळावे म्हणून त्यांनी 'काळ्या मुली' या अर्थाचे इंग्रजी शब्द टाकले, तर सर्वांत वर आल्या त्या अश्लील जागा. काही काळाने ते निकाल बदलले. पण आधी ते तसे का होते, कोणी बदलले, कोणत्या नियमाने बदलले, याचे उत्तर देण्यास कंपनी कोणालाही बांधील नव्हती. १९७२ साली ज्यांनी ब्लॅक पँथरवरून आपल्या संघटनेचे नाव घेतले त्यांच्या वारसांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

मग पर्याय काय? येथे एक सावधगिरीची सूचना. पर्याय म्हणून जी नावे घेतली जातात त्यांपैकी बरीच स्वतःचा खण बाळगत नाहीत. डकडकगो हे यंत्र शोधणाऱ्याचा माग ठेवत नाही, ही त्याची चांगली बाजू. पण त्याचे नेहमीचे निकाल मोठ्या प्रमाणात मायक्रोसॉफ्टच्या बिंगच्या सूचीतून येतात. सर्क्स नावाचा एक मुक्त प्रोग्रॅम आहे, तो कोणीही आपल्या सर्व्हरवर बसवू शकतो. पण तोही आपल्या वतीने गूगल, बिंग इत्यादींना विचारून उत्तर आणतो. हे पडदे आहेत. पडद्याआड उभे राहून पाणी मागता येते, विहीर मात्र पाटलाचीच. याचे प्रत्यंतर अलीकडेच आले. बिंगची सूची पैसे देऊन वापरण्याची जी सर्वसाधारण सोय छोट्या शोधयंत्रांना होती ती मायक्रोसॉफ्टने ११ ऑगस्ट २०२५ रोजी बंद केली. ज्यांचे स्वतंत्र करार होते ते तरले. बाकीच्यांना नवा पाणवठा शोधावा लागला.

स्वतःची सूची बाळगणारे आणि तरीही तिचा मालक नसलेले यंत्र असू शकते काय? असू शकते, आणि ते वीस वर्षांहून अधिक काळ चालू आहे. त्याचे नाव यासी. जर्मनीतील मिखाएल क्रिस्टन या प्रोग्रॅमरने २००३ साली ते सुरू केले. प्रोग्रॅम मुक्त परवान्याखाली आहे, म्हणजे कोणीही घ्यावा, वाचावा, बदलावा. युरोपातील फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने नोव्हेंबर २०११ मध्ये त्याच्या पहिल्या पूर्ण आवृत्तीची घोषणा केली तेव्हा सुमारे ६०० संगणक या जाळ्यात होते आणि त्यांच्या एकत्रित सूचीत सुमारे १.४ अब्ज दस्तऐवजांची नोंद होती. सहाशे माणसांच्या घरच्या यंत्रांनी मिळून, कोणत्याही कंपनीशिवाय. हा आकडा मी वर्गात सांगतो तेव्हा मुले मान वर करतात.

हे जमते कसे? ग्रंथालयाच्या त्या खणांकडेच परत जाऊ. समजा, ग्रंथालयाची इमारतच नाही. वस्तीतील प्रत्येक घरात एकेक खण ठेवला आहे. कोणते कार्ड कोणाच्या घरी हे सांगणारा ग्रंथपालही नाही. मग शोधणाऱ्याने कोणाचे दार ठोठवावे? यासीत प्रत्येक शब्दाचे एका ठरलेल्या सूत्राने सांकेतिक अक्षरांच्या ठरावीक लांबीच्या मालिकेत रूपांतर होते. त्याला हॅश म्हणतात. जाळ्यातील प्रत्येक संगणकालाही तशीच एक सांकेतिक खूण असते. शब्दाची खूण ज्या संगणकाच्या खुणेला जवळची, त्याच्या खणात त्या शब्दाचे कार्ड. 'पाणवठा' हा शब्द शोधायचा तर माझा संगणक त्याची खूण काढतो, कोणाच्या वाट्याला ती येते हे हिशेबानेच ओळखतो आणि थेट त्या दारांशी जातो. दार एक नसते. एकच कार्ड अनेक घरी ठेवलेले असते, म्हणजे एखाद्याने संगणक बंद केला किंवा मुद्दाम कार्ड फाडले तरी दुसऱ्याकडे ते सापडावे. सूची बनवण्याचे कामही वाटलेले. मी माझ्या संगणकाला एखादा पत्ता दिला की तो तेथून पाने वाचत सुटतो आणि निघालेल्या शब्दांची कार्डे ज्याच्या त्याच्या घरी पोचवतो.

आणि क्रम? तो माझ्याच संगणकावर लागतो. ताज्या पानाला किती वजन, मथळ्यात शब्द आला तर किती, हे आकडे माझ्यासमोर उघडे असतात आणि मी ते बदलू शकतो. मला विचाराल तर यासीतील सर्वांत क्रांतिकारक भाग हा आहे. क्रम लावणाऱ्याला कारण विचारता येते, कारण क्रम लावणारा मीच असतो.

आता त्याच्या उण्या बाजू, कारण आपण भक्त नाही. ते मंद आहे. दहा दारे ठोठवायची, प्रत्येक जण उत्तर देईपर्यंत थांबायचे, शिवाय कोणी खोटी कार्डे घुसवू नयेत म्हणून निकाल दाखवण्यापूर्वी ते पान खरोखर उघडून शब्द तेथे आहे काय हे तपासता येते, त्यालाही वेळ. मोठ्या यंत्राच्या निकालांची ज्याला सवय झाली आहे त्याला यासीचे निकाल विस्कळीत वाटतील, बरेचदा ते असतातही. गुप्ततेविषयीही भाबडे राहू नये. शब्द सांकेतिक खुणेच्या रूपात जातो हे खरे, पण ज्याच्याकडे शब्दांची यादी आहे तो त्या सर्वांच्या खुणा काढून ताडून पाहू शकतो. चळवळीच्या कामासाठी हे यंत्र म्हणजे चिलखत असे कोणी समजू नये.

आणखी एक गोष्ट मला फार बोचली. जाळ्यातील संगणकाला इंग्रजीत पिअर म्हणतात, म्हणजे बरोबरीचा. पण या बरोबरीच्यांतही दर्जे आहेत! ज्याच्यापर्यंत बाहेरून कोणी पोहोचू शकते तो सिनिअर, ज्याच्यापर्यंत पोहोचता येत नाही तो ज्युनिअर. सिनिअरला सगळे विचारतात, खण त्याच्याकडे ठेवतात. ज्युनिअरला कोणी विचारत नाही, मात्र स्वतः गोळा केलेले तो इतरांना देऊ शकतो. माझा संगणक अर्थातच ज्युनिअर निघाला. आपल्याकडे बऱ्याच जोडण्यांत एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो, त्यामुळे बाहेरून आमच्या दारापर्यंत रस्ताच नसतो. श्रम द्यावेत, विचार कोणी विचारू नये. मी हसलो, पण ते हसू बरे नव्हते. विद्यार्थ्याने मला समजावले, "सर, हे जन्मानं नाही. राउटरमध्ये पोर्ट उघडला आणि पत्ता मिळाला की आपण सिनिअर." त्याचे बरोबर होते. पण पत्ता मिळायला जादा पैसे पडतात, आणि चोवीस तास वीज लागते. जन्म नसेल, ऐपत आहेच.

म्हणूनच विकेंद्रीकरण हा शब्द आमच्या कानाला लगेच गोड लागत नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना बाबासाहेबांनी ग्रामव्यवस्थेच्या गौरवाला जो उत्तर दिला तो आपण विसरू शकत नाही. राज्यघटनेचा घटक गाव नव्हे, व्यक्ती असावी हा त्यांचा आग्रह होता. सत्ता दिल्लीहून गावात आणली की ती आपोआप लोकांची होते असे नाही. गावात ती पाटलाच्या वाड्यावर थांबते. गावाची वेस ओलांडून शहरात गेलेल्या लाखोंनी याची साक्ष दिली आहे. तेव्हा एखादा तरुण जर्मन प्रोग्रॅमरांच्या कौतुकात विकेंद्रीकरणाचा जयजयकार करू लागला तर त्याला मी हे भाषण वाचायला देतो.

तरी दोन्ही गोष्टी एका मापाने मोजणे मला पटत नाही. गावाची दहशत कशात होती? जन्माने तेथे बांधले जाण्यात, पाणी, जमीन, मजुरी सगळे एकाच हाती असण्यात आणि सोडून जाण्याची वाट नसण्यात. यासीत कोणी कोणाला बांधलेला नाही. एखादा आपल्या संगणकावर काही जागांना बंदी घालू शकतो, पण ती बंदी त्याच्या उंबऱ्याच्या आत. तेथील घटक खरोखर व्यक्ती आहे. अर्थात ज्या व्यक्तीकडे यंत्र आहे, वीज आहे, इंग्रजी आहे तीच. हा 'अर्थात' लहान नाही.

आमच्या एका सहकाऱ्याचा आक्षेप याहून टोकदार होता. ते म्हणाले, "गावानं आपल्याला वेगळी विहीर दिली तेव्हा आपण ती मुक्ती मानली का? बाबासाहेब महाडला गेले ते काय पाण्यासाठी?" प्रश्न बिनतोड आहे. सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा बोले यांचा ठराव १९२३ चा, महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव १९२४ चा. कागदावर तळे खुले होते, आणि २० मार्च १९२७ पर्यंत त्याला आमचा हात लागला नव्हता. आजचे इंटरनेटही कागदावर खुलेच आहे. तेव्हा नव्वद टक्के लोक ज्या पाणवठ्यावर जातात तो सोडून आपण आपली छोटी विहीर खणत बसावे, हा शहाणपणा की माघार?

माझे मत असे. वेगळ्या विहिरीवर समाधान मानणे माघारच होय. पण ज्याने स्वतः कधी सूची बनवली नाही त्याला मोठ्या सूचीकडे काय मागायचे हेही कळत नाही. सूची ही रस्त्यासारखी, पाण्यासारखी सार्वजनिक गोष्ट आहे, ती कोणा एकाच्या मालकीची नसावी, ही मागणी जगात आता मांडली जात आहे. अमेरिकेत कॉमन क्रॉल नावाची ना-नफा संस्था २००७ पासून वेबची पाने गोळा करून कोणालाही मोफत देते. युरोपात सप्टेंबर २०२२ मध्ये युरोपीय संघाच्या ८५ लाख युरोंच्या निधीतून चौदा संस्थांनी मिळून खुली वेबसूची उभारण्याचे काम हाती घेतले. सूची सार्वजनिक पैशातून एकदाच बनवावी आणि तिच्यावर ज्याला हवे त्याने आपले शोधयंत्र उभारावे, असा विचार त्यामागे आहे. अमेरिकेच्या न्यायालयाने तर सप्टेंबर २०२५ मध्ये गूगलला आदेश दिला की सूचीतील काही माहिती पात्र प्रतिस्पर्ध्यांना द्यावी. पात्र कोण, हा प्रश्न आपल्या समाजाला नवा नाही.

बाबासाहेबांनी १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये पायाभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत असे म्हटले होते. सूची हा आजचा पायाभूत उद्योग नव्हे काय? पैसा सरकारने द्यावा असे मी म्हणेन. किल्ली मात्र मंत्रालयात नको. ती अनेक हातांत वाटलेली असावी, आणि वाटायची कशी याचे उदाहरण म्हणून मला यासी मोलाचे वाटते. रोजच्या शोधासाठी त्याचा कितपत उपयोग होईल हा नंतरचा प्रश्न.

पण खुली सूची आली तरी तिच्यात आपण असू काय? २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख लोक होते. कॉमन क्रॉलच्या साठ्यातील मराठी पाने शेकडा एकाचाही अगदी लहान अंश भरतात. यात दोष फक्त कंपन्यांचा नाही. यासीचा एक वापर असाही आहे की जगाच्या जाळ्याशी न जोडता फक्त आपल्या निवडक कागदपत्रांची सूची बनवायची. तो आम्ही करून पाहिला. प्रयोगशाळेतून निकाली निघालेला एक संगणक मिळवला. माझ्याकडील काही अंकांच्या पीडीएफ होत्या, काही मित्रांनी पाठवल्या. रात्रभर यंत्र चालले, मध्ये दोनदा वीज गेली. सकाळी मी मोठ्या आशेने 'नामांतर' शब्द टाकला. एकही निकाल नाही.

कारण शोधायला आठवडा गेला. जुने अंक म्हणजे पानांची नुसती छायाचित्रे. यंत्राला त्यात अक्षर दिसत नाही, चित्र दिसते. नंतरचे अंक संगणकावर जुळवलेले, पण श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा जुन्या फॉन्टांत. डोळ्याला तेथे शुद्ध मराठी दिसते, मात्र आत साठवलेली असतात रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची निरर्थक रांग. म्हणजे १९९० नंतर आपण संगणकावर जे काही छापले त्यातील केवढे तरी कोणत्याही शोधयंत्राला वाचताच येत नाही, मालक कोणी असो. आपल्या संपादकांनी, प्रकाशकांनी हे मनावर घ्यावे. नवा मजकूर युनिकोडमध्येच करावा, जुन्या फॉन्टातील मजकूर बदलून घेण्याचे प्रोग्रॅम मिळतात ते वापरावेत, आणि अंक इंटरनेटवर ठेवताना नुसते छायाचित्र ठेवू नये, सोबत अनुक्रमणिका तरी टाइप करून ठेवावी. एका अंकाची अनुक्रमणिका टाइप करायला अर्धा तास लागतो. मी घड्याळ लावून पाहिले आहे.

आमच्या मराठीची आणखी एक खोड. 'पाणवठा', 'पाणवठ्यावर', 'पाणवठ्याचे' हे साध्या शब्दसूचीला तीन वेगळे शब्द. इंग्रजीसाठी घडलेल्या यंत्राला आपले प्रत्यय कळावेत यासाठी कोणीतरी बसून काम करावे लागते. यासीसारख्या मुक्त प्रोग्रॅममध्ये ते आपण करू शकतो, कंपनीच्या यंत्रात फक्त अर्ज करू शकतो. संगणकशास्त्र शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी प्रकल्पासाठी विषय शोधत हिंडू नये, हा पडलेला आहे.

उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही चौघांनी टाइप करायला घेतले. ती विद्यार्थिनीही आली. तिने घरून एक पत्रक आणले, आजोबांनी ट्रंकेच्या तळाशी जपलेले, तीन पानांचे, घडीवर फाटलेले. ते तिने स्वतः टाइप केले. दोन दिवस लागले, कारण ती मध्येच थांबून घरी फोन करी आणि एखादे नाव विचारी. पत्रक सूचीत गेल्यावर तिने आपल्या तालुक्याचे नाव टाकले. दोन निकाल आले. एक १९७९ च्या अंकातील लेखाचा, दुसरा तिच्याच पत्रकाचा. तिने गावाचे नाव टाकले, तर काहीच आले नाही.

"सर, आजोबांच्या कागदात गावाचं नाव जुन्या पद्धतीनं लिहिलंय. आता पाटीवर वेगळं आहे. दोन्ही घालावी लागतील."

मग आम्ही वही घेतली आणि तालुक्यातील गावांची जुनी-नवी नावे शेजारी शेजारी लिहायला लागलो. काही वस्त्यांना गावाच्या नोंदीत नावच नाही, लोक त्यांना काय म्हणतात ते तिच्या आजोबांना विचारून लिहायचे ठरले आहे.